कानावरची चुंबळ

(१९८६ चा उन्हाळा. धाराशिव भागात वाशीकडच्या एका गावात दगडोबाची ओसरी, दुपार कलतीला लागलेली. ओसरीवर दगडोबा आणि बोअरच्या गाडीवरचा शांतलिंग. खाली पायरीवर सुईदोरा घेऊन मुक्ताबाई.)

दगडोबा : ...तर शांतलिंगराव, आता जे सांगनार हाय त्याच्यावर तुमचा इस्वास बसनार न्हाय. माझ्या पल्टनीतल्या सायबाचा बसला न्हाय, गावच्या मास्तराचा बसला न्हाय. माझ्या बायकोचा तर मरस्तवर बसला न्हाय. पन ह्या दोन कानांनी म्या जमिनीच्या पोटातलं पानी ऐकलंय. वाहतं पानी. बाई घरात भांडी घासती ते जसं रस्त्यावरनं ऐकू येतं, तसं.

शांतलिंग : काका, तुम्ही ऐका नाहीतर हुंगा. मला अंधार पडायच्या आत पॉइंट पाहिजे. चुन्याची फुली मारली की माझं काम संपलं. गाडी बेंबळीकडून निघालीय, सकाळी इथं येईल. एक भोक, दोनशे फूट. पाणी लागो न लागो, दुपारी पुढच्या गावाला.

दगडोबा : एकच भोक?

शांतलिंग : एकच. दुसऱ्यासाठी पुढच्या वर्षी अर्ज करायचा.

मुक्ताबाई : पुढच्या वर्सी अर्जावर आंगठा उटवायला कोन उरतंय हितं.

दगडोबा : तू टाके घाल मुक्ता. बोलनं नगं.

शांतलिंग : बाई, तुम्ही उन्हात का बसलाय? वर या की सावलीला.

मुक्ताबाई : हितं बरं हाय साहेब. हितं सुई दिसती.

शांतलिंग : एक मात्र आहे हां काका, पाणी गार आहे तुमच्या घरचं. महिनाभर हिंडतोय, काठोकाठ भरलेला रांजण पहिल्यांदा बघितला.

दगडोबा : कुंभाराचा गुन हाय. माती चांगली.

मुक्ताबाई : मातीचा कशाचा. नानासायबाच्या टाकीचा गुन हाय.

शांतलिंग : नानासाहेब म्हणजे सोसायटीचे चेअरमन? सकाळी तेच भेटले. म्हणाले, पॉइंटचं दगडोबाला विचारा, तो म्हणेल तिथं गाव तयार आहे. ठरावसुद्धा केलाय. बघा, सह्या आहेत खाली.

मुक्ताबाई : आमच्या चाळीस घरांतली एक तरी सही हाय का बगा त्याच्यात.

शांतलिंग : ते मला नका विचारू. मला कागद दिसतो, त्याच्यामागचं गाव दिसत नाही.

दगडोबा : ते ऱ्हाऊ द्या ओ. तुमी माझा ह्यो दोन्ही कानांवर बसायचा फोन बगा. मुक्ता, दाव त्यांना. हळू धर, सुई अडकंल. हा बगा. असला माल तुमच्या धाराशिवला मिळायचा न्हाय, हैद्राबादला न्हाय. मिलिटरीचा हाय. पासष्टच्या लढाईत म्या सिग्नलमधी हुतो, तारा टाकायच्या कामाला. गोळ्या उडतायत, आन् म्या पोटावर सरपटत चाललोय, तोंडात तार धरून. लढाई जितली तवा सायबानं पाठ थोपटली. म्हनला, दगडोबा, माग काय मागतोस. म्या म्हनलं, सायब, जमीन नगं, बिल्ला नगं, ह्यो कानाचा फोन द्या.

मुक्ताबाई : मागल्या बारीला सोलापूरच्या जुन्या बाजारातनं आनला म्हनला हुता.

दगडोबा : तो दुसरा.

शांतलिंग : दुसरा कुठाय?

दगडोबा : त्यो हरवला. ऐका तर. पयल्यांदा ह्याला रबराची वेटोळी हुती कानावर. टनक, घट्ट. राजस्थानच्या वाळूत तीन दिस कानावरनं काढला न्हाय म्या. तीन दिसांनी काढाया गेलो तर रबर इरघळून कानाला चिकाटलेलं. दोन मानसांनी माझं पाय धरलं, दोघांनी फोन धरला. वडतायत, वडतायत. निघाला तवा ह्यो डावा कान दोन बोटं लांब झाला हुता.

शांतलिंग : दोन्ही सारखेच दिसतात की.

दगडोबा : उजवा मागनं वडून सारका करून घेतला.

मुक्ताबाई : हसू नका साहेब. हसलं का आनखी वाढवत्यात.

दगडोबा : रबर टाकून दिलं. गावी आलो, घोंगडीचा तुकडा लावून बगितला. गरम न्हाय, पन टोचतोय. टोचलं का मानूस हालतो, हालला का कानापाशी फट पडती, आन् फट पडली का भारी आवाज पळून जातो. उरतं ते निस्तं चिलटासारकं बारीक.

शांतलिंग : उलटं असेल. बारीक आवाज आधी पळेल ना फटीतून?

दगडोबा : न्हाय. हितंच सगळी फसत्यात. बारका आवाज ढीट असतो, कसाबी कानात शिरतो. भारी आवाजाला कोंडून धरावं लागतं. आन् पानी म्हंजी भारी आवाज. म्हनून तर कानावरची गादी मेन. फोन सगळ्या पल्टनीला सारकाच हुता, गाद्या म्या बनीवल्या.

शांतलिंग : हे मात्र पटण्यासारखं बोललात.

दगडोबा : मंग शेळीचं कातडं आनलं. आत शेवरीचा कापूस भरला, गोल शिवलं. काय सांगू तुमाला! ढोलाच्या पोटात बसल्यावानी. एक दिस बांधावर बसून ऐकलं तर खाली मुंग्यांची वरात चाललेली. वाजंत्री वाजतीय, नवरी रडतीय.

शांतलिंग : मुंग्यांत नवरी रडते?

दगडोबा : सासरी पानी नसंल तर कोनची बी रडंल. पन कातड्याचा एक वनवास. घाम. चैत-वैशाखाचं ऊन, वर कातडं. अर्धी बिडी वढंस्तवर कान उकडून निघायचा. आन् पानी ऐकाया तर घडीघडीभर मुकाट बसाया लागतंय. पानी लाजरं असतंय, लगीच बोलत न्हाय.

शांतलिंग : मग?

दगडोबा : मंग ह्या मुक्तानं वाट दावली.

मुक्ताबाई : म्या काय दावली न्हाय. म्या रस्त्यानं चालले हुते.

दगडोबा : त्येच ते. त्र्याहत्तर सालची गोष्ट, होळीच्या आधीची. ही समूरनं आली. डोक्यावर घागर, घागरीखाली चुंबळ. म्या चुंबळीकडं बगितलं, फोनाकडं बगितलं. दोन्ही गोल, दोन्हीत मधी भोक. म्या म्हनलं, आरं तिच्या, दोन कोस घागरीचं वझं झेलून जी डोक्याला रुतत न्हाय, ती कानाला कशी रुतंल? आन् जिनं जलमभर निस्तं पानीच वाहिलंय तिला पान्याचा कान नसंल तर कुनाला असंल?

मुक्ताबाई : घागर रिकामी हुती त्या दिशी.

दगडोबा : तिच्याकडनं जुनं लुगडं घेतलं. मऊ, शंभरदा धुतलेलं. चिंध्यांचे चार पीळ, वरनं पट्टी, गोल टाचलं. कानाएवढ्या दोन चुंबळी. लावून बगितलं आन् शांतलिंगराव, जगाचा आवाजच बंद झाला. ना ऊन, ना टोचनं. दिसभर लावून बसा. गाव म्हनलं, दगड्या, त्यांच्याकडलं लुगडं कानाला लावतोस व्हय रं? म्या म्हनलं, पान्याला काय कळतंय लुगडं कुनाचं हाय ते.

मुक्ताबाई : पान्याला न्हाय कळत. हिरीवर उभ्या मानसाला कळतंय. अजून बी.

शांतलिंग : आणि आवाज यायचा कुठून? ह्याला सेल लागतात ना?

दगडोबा : सेल न्हाय, बॅटरी न्हाय, काय न्हाय. ही लांब तार बगा. हिच्या टोकाला असलाच एक तिसरा डबा. त्यो हातभर खड्ड्यात पुरायचा, वरनं घमेलं पालथं घालायचं. इथं ह्या झाकनाखाली लोहचुंबक हाय, लोहचुंबकावर लोखंडाची चकती. पातळ, बिडीच्या पानाएवढी. तिथं जमीन थरथरली का तारेतनं हितं ही चकती थरथरती. चकती थरथरली का आवाज. सगळा जीव चकतीत. ती नसंल तर ह्यो फोन म्हंजी दोन वाट्या.

शांतलिंग : बघू उघडून?

दगडोबा : नगं नगं. झाकन उघडायचं काम मुक्ताचंच. माझ्या हाताला कंप हाय, चकती पडली तर गेली. गादी टाचाया झाकन फिरवून काढाया लागतंय, ते तीच करती पयल्यापासनं. म्या हात लावत न्हाय. झालं का गं?

मुक्ताबाई : एक ऱ्हायलीय. पान लावू द्या जरा, तोंड कोरडं पडलंय.

शांतलिंग : चंचीत काय वाजतंय हो बाई एवढं?

मुक्ताबाई : अडकित्ता हाय.

शांतलिंग : बरं, काका. ऐकलं तुम्ही. मग लागलं का पाणी? त्र्याहत्तर साली?

दगडोबा : त्याचं असं झालं, म्हसोबाच्या माळावर म्या तीन दिस बसलो. पयल्या दिशी काय न्हाय. दुसऱ्या दिशी कुजबुज. तिसऱ्या दिशी म्हंजी... आता काय सांगावं, म्या फोन काढून पाय वर घेतलं, भिजतील म्हनून. सरकारनं दुष्काळी कामात हीर धरली तिथं. शंभर मानूस खपत हुतं. साडेआठ परस, म्हंजी साडेआठ पुरुष खोल गेलो.

शांतलिंग : लागलं?

दगडोबा : लागायच्या बेतात हुतं.

मुक्ताबाई : दोन हात ऱ्हायलं हुतं.

शांतलिंग : मग थांबलं का काम?

दगडोबा : आता ते जुनं झालं.

मुक्ताबाई : सांगा की तात्या. मुंग्यांची वरात सांगितली, हे बी सांगा.

दगडोबा : काळ आला हुता त्याचा. दुसरं काय सांगू.

मुक्ताबाई : म्या सांगते साहेब. सुरुंग लावायला आमचे मालक हुते. तेरखेड्याला फटाक्याच्या दारूकामात चार वर्सं काढल्याली, दारूचं सगळं ठावं. त्या दिशी एक सुरुंग पेटला न्हाय. न पेटलेल्या सुरुंगापाशी दिसभर जायाचं न्हाय, हे गावाला त्यांनीच शिकिवलं हुतं. वर येऊन बसले. शेंगा खात हुते.

शांतलिंग : मग?

मुक्ताबाई : तात्या कानाला फोन लावून बसले हुते कडंला. मालकाला म्हनले, गुलाब, पानी खळखळाया लागलंय. दोन हात ऱ्हायलंय, लई तर दोन हात. बाया नाचाया लागल्या. म्या बी हुते त्याच्यात. मंग कोन थांबतंय? ते उतरले.

शांतलिंग : अय्यो.

मुक्ताबाई : हीर तशीच हाय. आत बाभळ उगवलीय आता.

शांतलिंग : मी... मी जीपमधून चुना काढून आणतो. ड्रायव्हर झोपला असेल. आलो.

दगडोबा : मुक्ता, पाव्हन्यासमूर हे काढायचं काय कारन हुतं?

मुक्ताबाई : त्यांनी इचारलं.

दगडोबा : तुझा राग हाय माझ्यावर. असू दे. पन जिवाची आन घेऊन सांगतो, त्या दिशी म्या खरंच ऐकलं हुतं. बाकीचं म्या काय बी सांगत असंल, कान वडला, मुंग्या, सगळं. लोकं हसत्यात, मला बरं वाटतं. पन त्या दिशी म्या खोटं बोललो न्हाय. खळखळत हुतं.

मुक्ताबाई : ठावं हाय मला. तुमचं तोंड बगितलं हुतं म्या.

दगडोबा : मंग?

मुक्ताबाई : मंग काय न्हाय. तात्या, एक मागते. आजपातूर काय मागितलं न्हाय. साहेब आले का त्यांना सांगा, पानी आमच्या गल्लीत हाय. समाजमंदिराच्या मागं, पिंपळापाशी. तिथं फुली मारा म्हना.

दगडोबा : तिथं म्या ऐकलं न्हाय.

मुक्ताबाई : कुठं ऐकलं?

दगडोबा : नानासायबाच्या मळ्यात. ईशान्येच्या कोपऱ्याला. काल दिस बुडताना.

मुक्ताबाई : काल तर गाद्या फाटल्या हुत्या. म्हनून मला बलिवलं न्हवं?

दगडोबा : फाटक्या गाद्यांनी ऐकलं. कानावर हात दाबून.

मुक्ताबाई : आन् मळ्यात पानी लागलं तर ते आमाला मिळनार? टँकर येतोय तिसऱ्या दिशी, त्यो आधी त्यांच्या टाकीत वतत्यात. उरलं तर आमाला. आमच्या बाया ओढ्यात झिरा उकरत्यात. माझी सून हरणा, सातवा म्हैना लागलाय तिला. काल झिऱ्यात वाकली ती वर उठंना. दोघींनी धरून आनली. वाटी घेऊन गेली हुती तात्या. घागर भराया वाटी.

दगडोबा : तिला कशाला धाडलीस? तू जायाचं.

मुक्ताबाई : म्या रातपाळीला असते झिऱ्यावर. ती दिसपाळीला.

दगडोबा : हे बग मुक्ता. तुला म्हनून सांगतो, कुनाला बोलू नगं. पानी कुठंच न्हाय. ना मळ्यात, ना तुमच्याकडं. खालचं संपलंय. ह्यो शांतलिंग काय सांगतोय ऐकलंस न्हाय? न्हाय, तू यायच्या आधी सांगितलं त्यानं. आकरा भोकं पाडली ह्या म्हैन्यात, नवांतनं निस्ता फुफाटा. एकात खारं. एकात सात घागरी निघालं आन् आटलं. मंग फुली हितं मारली काय, तिथं मारली काय, काय फरक?

मुक्ताबाई : काय फरक न्हाय तर आमच्यात मारा.

दगडोबा : आन् कोरडं निघालं म्हंजी तुमीच दगडं घेऊन माझ्या दारात.

मुक्ताबाई : न्हाय येनार. कोरडं तर कोरडं. चाळीस वर्सांत आमच्या दारापातूर सरकारची मशीन आली न्हाय. फुफाटा निगू द्या, आमच्या अंगनात तर निगंल. नशीब बगायचं तर आमचं बी एकदा बगा.

दगडोबा : नानासायबाला काय सांगू?

मुक्ताबाई : त्याला काय सांगायचं? त्यो काय पल्टनीतला सायब हाय व्हय तुमचा?

दगडोबा : त्यो दोन घागरी धाडतोय रोज. त्याच्यावर जगतोय म्या. ह्या वयात झिऱ्यावर जाऊ? माझ्यामागं कोन हाय? आन् तुला ह्या गाद्यांची एक घागर देनार हाय, ती बी त्याच रांजनातली. तवा शांत ऱ्हा. घागर घे, हरणाला न्हाऊ घाल, पेऊ घाल.

मुक्ताबाई : म्हंजी काल मळ्यात गेलाच न्हाय तुमी.

दगडोबा : गेलो हुतो.

मुक्ताबाई : फोन नेला हुता?

दगडोबा : आला बग त्यो. गप.

शांतलिंग : चुना आणला. सांगा काका, कुठं?

दगडोबा : नानासायबाचा मळा. ईशान्येचा कोपरा, आंब्याच्या खोडापासनं नऊ पावलं. काल दिस बुडताना ऐकलं म्या. ओढ्यावानी. दीडशे फुटाच्या आत हाय, लिहून घ्या.

शांतलिंग : म्हणजे चेअरमनसाहेबांच्याच शेतात. मला वाटलंच होतं. प्रत्येक गावात पाण्याला चेअरमनचं शेत बरोबर सापडतं.

दगडोबा : तसं न्हाय ओ. कान खोटं बोलत न्हाय.

मुक्ताबाई : झाली दुसरी गादी.

दगडोबा : आन हिकडं. व्वा. हात बसलाय तुझा. शांतलिंगराव, तुमीच लावा. लावा, लावा. इस्वास बसत न्हाय न्हवं? हितंच अंगनात डबा पुरून ठेवलाय म्या सकाळी. तुमच्या कानानं ऐका.

शांतलिंग : माझ्या कानानं? द्या. अरे, मऊ आहे की. बसला चांगला. काही टोचत नाही, गरम नाही... थांबा. बोलू नका.

दगडोबा : काय?

शांतलिंग : गप बसा की काका! ...येतंय. येतंय हो! सूं... आवाज आहे. खोल आहे, लांबून येतोय. मध्येच वाढतोय. पाणीच आहे हे! मी पंधरा वर्षं बोअरवर आहे, धुळीशिवाय काही ऐकलं नाही मी. बाई, पाणी आहे इथं!

दगडोबा : बगा! म्या म्हनलं न्हवतं? ह्योच झरा तिकडं मळ्यात जातोय. हितनं वाकडा वळतो, मारुतीच्या देवळाखालनं. मळ्यात वर येतोय.

शांतलिंग : उद्या इथंच लावतो गाडी. तुमच्या अंगणात!

दगडोबा : नगं नगं, हितं खोल हाय. मळ्यात उथळ. तिथंच मारा फुली.

मुक्ताबाई : साहेब, फोन काढू नका. तसंच बसा. जरा ही तार धरा हातात. म्या ओढते.

दगडोबा : ए मुक्ता! तुटंल!

मुक्ताबाई : तुटली न्हाय, फोनातनं निघाली. बगा साहेब, तारंचं टोक तुमच्या हातात. आता येतोय का आवाज?

शांतलिंग : ...येतोय.

मुक्ताबाई : तसाच?

शांतलिंग : तसाच. अगदी तसाच. तार तर बाहेर आहे. काका, हे काय आहे?

दगडोबा : ते... तारेचं असंय शांतलिंगराव. तार काढली तरी पानी थोडा येळ आत ऱ्हातंय. नळ बंद केला तरी थेंब थेंब येतंय न्हवं, तसं. मिलिटरीत तर एकदा आठ दिस येत हुतं. तार सायबाच्या बंगल्यात, आन् आवाज माझ्या...

शांतलिंग : काका.

दगडोबा : आठ दिस. कसम.

शांतलिंग : हात ठेवला की वाढतोय. गादी दाबली की जास्त. सोडली की कमी. काका, हे माझ्या कानातलंच आहे. लहानपणी तांब्या कानाला लावायचो, तसं.

दगडोबा : तांब्यात बी पानीच असतंय की.

मुक्ताबाई : तात्या, बास.

दगडोबा : तू गप. तुला काय कळतंय त्यातलं? चकती थरथरल्याबिगर आवाज येतोय व्हय? काल दिस बुडताना म्या ह्याच फोनातनं ऐकलं, ह्याच चकत्यांनी...

मुक्ताबाई : कोनच्या चकत्या तात्या?

दगडोबा : आतल्या.

मुक्ताबाई : साहेब, हात पुढं करा. चंचीत अडकित्ता न्हवता वाजत. ह्या घ्या. दोन हायत. पातळ, बिडीच्या पानाएवढ्या.

शांतलिंग : ह्या... ह्या आतल्या आहेत?

मुक्ताबाई : त्र्याहत्तरला पयल्यांदा गाद्या टाचताना झाकनाखालनं निसटल्या. म्या भ्याले. मिलिटरीची वस्तू मोडली, गाव काय म्हनंल, मालकाला काय म्हनतील. तशाच चंचीत घालून कमरेला खवसल्या, वरनं झाकन लावलं. मनात म्हनलं, तात्यांनी काय ऐकू येईना म्हनलं का देईन काढून.

दगडोबा : मुक्ता...

मुक्ताबाई : तुमी कदी म्हनलाच न्हाय. वाट बगत ऱ्हायले म्या. लुगडं चांगलं कोंडत हुतं, तुमी खुशीत हुता. बाया नाचत हुत्या. आज गुपचूप बसवाव्या म्हनून आनल्या हुत्या. पन मंग तुमाला काय ऐकू आलं असतं? घागर ऱ्हाऊ द्या तुमची रांजनातच. साहेब, फुली कुठं बी मारा आता.

दगडोबा : पन त्या दिशी म्या खरंच ऐकलं हुतं गं. हिरीवर. गुलाबला म्या उगंच न्हाय म्हनलं, दोन हात ऱ्हायलंय. ह्याच फोनातनं ऐकलं, खळखळ...

मुक्ताबाई : न्हाय तात्या. ते हिरीत उतरले तवा बी त्या माझ्या चंचीतच हुत्या.